गॅस्केट आलं नाही

वहिनी: ती पाटी मडगार्डवरून उचला आधी. रंगाला ओरखडा पडेल. आणि ते ड्रिल पिशवीत घाला.

भाऊजी: चार बारीक भोकं पाडायची आहेत, वहिनी. डॅशबोर्डच्या कडेला. कोणाला दिसणारही नाहीत.

वहिनी: दिसणार नसेल तर लावता कशाला?

भाऊजी: भोकं दिसणार नाहीत म्हणतोय मी. पाटी दिसेल. पितळेची आहे. वाचून दाखवू?

वहिनी: मला वाचता येतं. 'एकवीस वर्षांच्या अखंड साधनेतून ही गाडी पुन्हा जिवंत करणाऱ्या आमच्या दादांच्या स्मृतीस.' साधना! मिस्त्री, ऐकलंत का? या गॅरेजात साधना झाली म्हणे.

मिस्त्री: मी बॅटरी बघतोय, बाई.

भाऊजी: थट्टा करू नका. जुन्या गाड्यांच्या मंडळात दादाचं नाव आहे. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. चिटणीस म्हणून मीच ठराव मांडला, एकमताने मंजूर झाला.

वहिनी: एकमत व्हायला तुम्ही आहात किती? चारच ना? दर रविवारी इथे यायचात. हात पाठीमागे बांधून इंजिनाभोवती उभे राहायचात, इस्पितळात पेशंट बघायला आल्यासारखे. एकवीस वर्षांत एकाच्याही नखाला तेल लागलं नाही.

भाऊजी: दादाचा अभ्यास होता गाढा. या मॉडेलची दाराची कडी कोणत्या वर्षी बदलली ते तारखेसकट सांगायचा तो.

वहिनी: सांगायचे खरे. आणि आमच्या न्हाणीघराच्या दाराची कडी चार वर्षं मोडलेली होती, ती कोणी बसवली? मी. आत गेलं की गाणं म्हणत बसावं लागायचं.

भाऊजी: तुम्हाला ही गाडी कधी कळलीच नाही. उघडी, दोन सीटची, तारांच्या चाकांची विलायती गाडी. असली गाडी म्हणजे एक काव्य असतं.

वहिनी: टेम्पोच्या तीन खेपांत आलं तुमचं काव्य. पहिल्या खेपेत सांगाडा, दुसऱ्या खेपेत इंजिन, तिसऱ्या खेपेत गोणीभर बोल्ट. मी पायरीवर उभी राहून बघत होते. आणि हे म्हणाले, 'सहा महिन्यांचं काम.'

मिस्त्री: बाई, बॅटरी बरोबर जोडलीत. पॉझिटिव्ह अंगाला. भलेभले इथेच चुकतात.

भाऊजी: पॉझिटिव्ह? अहो, उलटी लागलीय ती. निगेटिव्ह जोडतात गाडीच्या अंगाला. माझ्या गाडीत तसंच आहे.

मिस्त्री: साहेब, तुमच्या गाडीत ते तसंच असणार. हिच्यात असंच असतं.

वहिनी: गाढा अभ्यास मंडळाचा.

भाऊजी: ठीक आहे. मी लिहिता-वाचता माणूस आहे, हाताने काम करणारा नाही. पण एवढं सांगतो, दादाचं काम अडलं ते त्याच्या चुकीने नाही. एका गॅस्केटपायी अडलं. भाषणात घेतलंय मी ते. ऐका, 'इंजिनाचं धड आणि इंजिनाचं हेड यांच्यामध्ये बसणारा, कागदाएवढ्या जाडीचा एक तांब्याचा पत्रा! तो सातासमुद्रापलीकडून वेळेवर आला नाही, आणि एका माणसाचं स्वप्न—'

वहिनी: भाषणसुद्धा लिहून झालं?

भाऊजी: कच्चा मसुदा आहे.

वहिनी: पक्का करायच्या आत गाडी सुरू होते का ते तरी बघा. मिस्त्री, तेल फिरवून घ्यायचं ना आधी?

मिस्त्री: हां. चारही प्लग बाहेर आहेत, कॉइलची तार काढलीय. बसा तुम्ही आत. स्टार्टर ओढा, दहा मोजा, सोडा. मी तेलाच्या काट्याकडे बघतो.

भाऊजी: प्लग काढले तर सुरू कशी होईल?

मिस्त्री: सुरू करायचीच नाहीये, साहेब. आधी आत तेल पोचलं पाहिजे. कोरडं इंजिन सुरू केलं तर सुरू झाल्याचा आनंद अर्धं मिनिट टिकतो. ओढा, बाई.

वहिनी: ...आठ, नऊ, दहा.

मिस्त्री: पुन्हा.

वहिनी: ...नऊ, दहा. काही नाही?

मिस्त्री: पुन्हा. घाई नको. हां... हां, हलला. दहा. वीस. तीस! बस्स. नुसत्या स्टार्टरवर तीस पौंड. बाई, आमच्या डेपोत कंपनीतून आलेल्या नव्या बसगाड्यांचं एवढं प्रेशर बघितलं नव्हतं मी. खालचं काम म्हणजे—

वहिनी: प्लग बसवू या आपण.

मिस्त्री: मी खालच्या कामाबद्दल बोलत होतो.

वहिनी: ऐकलं मी. प्लग द्या इकडे.

भाऊजी: आता हे शिकलात कुठे तुम्ही? खरंच विचारतो. तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवलात. शिवणाचं मशीन कुठे आणि हे कुठे!

वहिनी: सुई खाली येते, वर निघताना दोऱ्याचा फास पडतो, नेमक्या त्याच क्षणी शटलच्या टोकाने तो पकडायचा. केसभर पुढे-मागे झालं की टाका सुटला. वर्गातली अकरा मशीनं मी स्वतः उघडून लावत होते. इथे पिस्टन वर येतो आणि नेमक्या त्याच क्षणी ठिणगी पडावी लागते. फरक एवढाच की शिवणाच्या मशीनभोवती चार माणसं उभी राहून भाषणं करत नाहीत.

मिस्त्री: बाईंनी टॅपेटचा गॅप बोटाने ओळखला होता. मी पट्टी घालून बघितला, तर बरोबर निघाला.

वहिनी: वॉइल आणि पॉपलीन चिमटीत धरून ओळखणारी बाई मी. त्यात विशेष काही नाही.

भाऊजी: आता तारा लावायच्या ना? त्या मी लावतो. चार टोप्या तर दाबायच्या आहेत प्लगांवर. एवढं तरी करू द्या वहिनी, भाऊ होता तो माझा.

वहिनी: दाबा. प्रत्येक तारेला दोरा बांधलाय मी आणि तसाच दोरा प्लगाशेजारी. रंगाला रंग लावा, बाकी डोकं चालवू नका. मिस्त्री, पेट्रोलच्या नळीकडे बघू या आपण.

मिस्त्री: बघा. कॉइलची तार जोडली मी. किल्ली फिरवा, पण स्टार्टरला हात नको. ऐका, पंप टकटकतोय. भराभर टकटकतोय म्हणजे अजून वाट्या रिकाम्या आहेत.

वहिनी: कुठे गळतंय?

मिस्त्री: नाही. कोरडं आहे सगळं. मंदावला... थांबला. भरल्या दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्या. वाळूची बादली कुठे आहे?

वहिनी: तुमच्या मागे. ओलं पोतंही आहे.

भाऊजी: पोतं कशाला?

मिस्त्री: असू द्यावं. झाल्या का तारा, साहेब?

भाऊजी: केव्हाच. आणि अगदी नीटनेटक्या. वहिनी, मी मोबाइल धरतो. किल्ली फिरवायच्या आधी दोन शब्द बोला. 'आज हे असते तर...' असं काहीतरी.

वहिनी: मोबाइल खिशात घाला.

भाऊजी: मंडळाच्या संग्रहासाठी हवंय.

वहिनी: मंडळाने एकवीस वर्षं खूप संग्रह केलाय. मिस्त्री, चोक ओढलाय. किल्ली. ओढू?

मिस्त्री: ओढा.

वहिनी: चल... चल ग... 

भाऊजी: आई ग! जाळ! जाळ आला! पेटली, पेटली!

मिस्त्री: बाई, सोडा स्टार्टर! किल्ली बंद! पोतं... हां. गेला. विझला. काही झालं नाही. कार्बोरेटरमधून उलटा भडका आला, एवढंच. बाई, ठीक आहात ना?

वहिनी: मी ठीक आहे. भाऊजी कुठे गेले?

मिस्त्री: ते काय, फाटकापाशी.

वहिनी: अहो, फाटकाबाहेर! अहो भाऊजी, या परत! चप्पल इथेच राहिली तुमची! अरे देवा, मिस्त्री, बघा तर कसे उभे आहेत, मोबाइल छातीशी धरून. जाळातून काय वाचवलं, तर मोबाइल! हसून हसून पोट दुखायला लागलं माझं.

भाऊजी: हसू नका. स्फोट झाला असता.

वहिनी: झाला असता तर मंडळाने पाटी लावली असती. या, आत या. पायाखाली बघून या. हे... हे काय पडलंय इथे? हे माझे दोरे आहेत. भाऊजी, दोरे कोणी कापले?

भाऊजी: लोंबत होते ते. लाल, पिवळे, कसे तरी दिसत होते. फोटोत इंजिनाला राखी बांधल्यासारखं... म्हणजे विचित्र दिसलं असतं. तारा लावून झाल्यावर काढून टाकले.

वहिनी: लावून झाल्यावर, की आधी?

भाऊजी: आधी. पण तारा मी व्यवस्थित लावल्यात. ओळीने. त्या ठिणगी वाटणाऱ्या टोपणावरची पहिली पहिल्याला, तिच्या पुढची दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला.

मिस्त्री: झालं.

वहिनी: ओळीने लावल्यात! हे इंजिन एक-तीन-चार-दोन असं पेटतं, भाऊजी. एक, तीन, चार, दोन. बँकेत टोकन घेऊन बसतात तसा इथे नंबर लागत नाही. एकवीस वर्षं याच्यासमोर उभे होतात तुम्ही! साधनेत एवढं तरी कानावर पडलं नाही का? चार तारा! वर्गातल्या पहिल्या दिवशीच्या पोरीलाही सुईत दोरा ओवायला दिला तर ती विचारते, कुठून ओवू. तुम्ही तेवढंही—

भाऊजी: हसा. हसा अजून. याचीच तर—

वहिनी: याचीच तर काय?

भाऊजी: काही नाही.

वहिनी: वाक्य पूर्ण करा. चिटणीस आहात.

भाऊजी: काही नाही म्हटलं ना. तारा लावा तुमच्या तुम्ही.

मिस्त्री: बाई, मी लावल्या. एक, तीन, चार, दोन. बसा परत. आणि आता नीट ऐकून घ्या, सुरू झाली की सांगायला वेळ मिळणार नाही. कॅमशाफ्ट नवा आहे, टॅपेटही नवे. सुरू झाल्या झाल्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर न्यायची आणि वीस मिनिटं तिथेच धरायची. खाली येऊ द्यायची नाही, पाय काढायचा नाही. या वीस मिनिटांत दोन्ही नीट घासून बसले तर जन्माचं काम झालं, नाहीतर आजच्या आज सगळं परत उघडा.

वहिनी: माहीत आहे. पाठ आहे मला. शटर पूर्ण वर करा, धूर होईल. भाऊजी, चप्पल घालून उभे राहा या वेळी.

मिस्त्री: ओढा.

(इंजिन सुरू होतं. यापुढचं बोलणं ओरडून, त्याच्या आवाजावरून.)

मिस्त्री: पाय! पाय द्या! वर घ्या, वर! हां! दोन हजार! धरा तिथेच! चोक आत ढकला हळूहळू!

वहिनी: तेल? तेल किती?

मिस्त्री: साठ! साठ पौंड! आवाज ऐका, बाई! कुठे खट् नाही की खुट् नाही!

भाऊजी: धूर! मिस्त्री, केवढा धूर!

मिस्त्री: जोडताना लावलेलं तेल जळतंय! जाईल! तुम्ही त्या बाजूला उभे राहा, पंख्यापासून लांब!

भाऊजी: सुरू झाली! वहिनी, सुरू झाली! देवा रे! आज दादा हवा होता!

वहिनी: ते असते तर सुरू झाली नसती!

भाऊजी: आजच्या दिवशी तरी असं बोलू नका! गॅस्केट आलं नाही त्याला तो काय करणार?

वहिनी: गॅस्केट आलं होतं!

भाऊजी: काय?

वहिनी: मी हेड बसवलं ते कशावर? चौदा महिने मी ही जोडतेय, एकदा तरी विचारलंत, वहिनी, गॅस्केट कुठून मिळालं?

भाऊजी: मागवलं असेल तुम्ही!

वहिनी: यांच्या शर्टांच्या फळीवर होतं! अंथरलेल्या कागदाखाली! हे गेल्यावर आठ महिन्यांनी कपाट आवरायला काढलं, तेव्हा सापडलं! दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चारही बाजूंनी चिकटपट्टी, न उघडलेलं! वरच्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय सांगू? 'दादा, जपून. वाकवू नकोस.' खाली तारीख!

मिस्त्री: बाई, पाय! अठराशेवर आलं!

वहिनी: घेते! घेतलं! अक्षर कोणाचं ते ओळखायला मला मंडळाची गरज पडली नाही! लेकीकडे परदेशी गेला होतात, येताना बॅगेत तळाशी ठेवून आणलंत ना? नऊ वर्षं झाली त्याला! हे जाईपर्यंत दर रविवारी इथे उभे राहून ऐकत होतात, गॅस्केट आलं नाही, गॅस्केट आलं नाही! आणि माना हलवत होतात! आणि आता भाषणात घालताय!

भाऊजी: त्याने शपथ घातली होती मला!

वहिनी: कसली शपथ? तुम्हाला चिटणीस केलं ते खोटं बोलायला?

भाऊजी: दादा गेला, वहिनी! त्याला लोकांपुढे उघडं पाडू का मी?

वहिनी: मी बसले होते ना घरात! मला सांगायचं! मी ही सगळी भंगारात देणार होते! गॅरेज मोकळं करून वर्ग इथे आणणार होते! त्या पुठ्ठ्यावरचं वाचलं आणि इतकी चिडले, म्हटलं, बघू तरी एकवीस वर्षं असं काय अवघड होतं! भित्रा माणूस! सगळं जोडायचं आणि किल्ली फिरवायच्या वेळी कपाटात लपवायचं! अहो, कशाला घाबरले? लोखंडाला?

भाऊजी: जाऊ द्या!

वहिनी: नाही जाऊ देणार! मला इथून उठता येत नाहीये, तुम्हीही हलायचं नाही! कशाला घाबरले ते सांगा!

भाऊजी: ...हसाल म्हणून!

वहिनी: ऐकू नाही आलं!

भाऊजी: काही नाही!

वहिनी: मोठ्याने बोला!

भाऊजी: तुम्ही हसाल म्हणून! नाही सुरू झाली तर ही हसेल, असं म्हणाला तो! म्हणाला, लोकांचं काही नाही रे, लोक दोन दिवस बोलतील, पण ही हसेल!

मिस्त्री: बाई. बाई! तेवीसशे झालं. थोडा सैल करा पाय.

वहिनी: केला.

मिस्त्री: हां. दोन हजार. आठ मिनिटं झाली.

भाऊजी: तुम्हीच ओरडायला लावलंत मला!

वहिनी: मी... मी सगळ्यांवरच हसते! आत्ता तुमच्यावर हसले! तुम्ही काय कपाटात जाऊन बसलात?

भाऊजी: मी फाटकापासून परत आलो, कारण मला संध्याकाळी माझ्या घरी जायचंय! त्याला कुठे जायचं होतं? गच्चीवरच्या टाकीचा पंप आठवतो? त्याने स्वतः बसवलेला? घरभर पाहुणे होते, त्याने सगळ्यांना बोलावून बटण दाबलं आणि पाणी उलटं फिरून स्वयंपाकघराच्या नळातून छतापर्यंत उडालं!

वहिनी: मामंजींच्या ताटात पडलं! गंमत होती ती!

भाऊजी: तुम्ही ती गंमत किती वर्षं सांगितलीत? वर्गातल्या बायकांना सांगितलीत, माझ्या मुलीच्या सासरच्यांना सांगितलीत! नकला करून! तो कसा उभा होता, बटणावर बोट ठेवून! मीही हसलोय, नाही कशाला म्हणू! पण त्यानंतर त्याने घरात एकाही वस्तूचं बटण सगळ्यांसमोर दाबलं नाही!

वहिनी: म्हणून न्हाणीघराची कडी...

भाऊजी: काय?

वहिनी: काही नाही! तुमच्याशी नाही बोलत!

मिस्त्री: पाणी बरोबर आहे. तेल पंचावन्नवर. गरम होऊनसुद्धा पंचावन्न, साहेब! लिहून ठेवा तुमच्या मंडळाच्या संग्रहात.

भाऊजी: म्हणजे चांगलं ना?

मिस्त्री: चांगलं? वरचं कोणीही बसवेल, बोल्ट दिसतात, पाना लागतो. पण हे तेलाचं प्रेशर खालून येतं. बेअरिंग किती घट्ट, किती सैल, ते सगळं पोटात. तिथे ज्याने काम केलंय त्याचा हात—

भाऊजी: वहिनींचाच! सगळं त्यांनीच केलंय, मान्य आहे मला! पाटीवर तसं लिहीन!

मिस्त्री: बाई, तुम्ही सांगता की मी सांगू?

वहिनी: मिस्त्री, तुम्ही घड्याळ बघा.

मिस्त्री: घड्याळच बघतोय. अजून नऊ मिनिटं आहेत. सांगून होईल.

भाऊजी: काय सांगायचंय?

वहिनी: खालचं त्यांचं आहे!

भाऊजी: काय?

वहिनी: खालचं! बेअरिंग, क्रँक, पिस्टन, सगळं! मी उघडलं होतं ते! तपासायला उघडलं असं मिस्त्रींना सांगितलं, पण खरं म्हणजे चुका शोधायला उघडलं! एक तरी सापडू दे म्हटलं, मग सांगते मंडळाला! पाच दिवस उकरत होते! प्रत्येक जोडावर त्यांनी सुईने टोचल्यासारखी बारीक खूण केली होती, कुठला कुठे बसतो त्याची! प्रत्येक बोल्ट मोजून आवळलेला! कागदावर आकडे होते, मी पाना लावून ताडून बघितले! एकही चुकला नव्हता!

भाऊजी: मग?

वहिनी: मग काय! पुसलं, तेल लावलं आणि होतं तसं परत बसवलं!

भाऊजी: आणि आम्हाला सांगितलंत, सगळं खोलून नव्याने जोडलं! त्यांचं एक काम धड नव्हतं म्हणालात! मंडळाच्या बैठकीत म्हणालात!

वहिनी: म्हणाले!

भाऊजी: का?

वहिनी: राग आला होता! असा हात असलेला माणूस घरात, आणि मला दाखवायचं सोडून दाराच्या कड्यांच्या तारखा सांगत बसला! मला एकदा म्हणायचं, ये, हे बघ! मी ओळखलं असतं! मला कळतं काम!

भाऊजी: ते त्याला माहीत होतं! म्हणून तर!

मिस्त्री: साहेब, जरा गप्प बसा आता. बाई, पाय स्थिर. पाच मिनिटं राहिली.

भाऊजी: पाटीवर दोघांचं नाव घालू या. 'खालचं काम दादांचं, वरचं—'

वहिनी: पाटी नको! माझ्या गाडीला भोकं पडणार नाहीत! आणि ते भाषण फाडा!

भाऊजी: पूर्ण फाडू?

वहिनी: गॅस्केटचं पान फाडा! बाकीचं कोणी ऐकतच नाही!

मिस्त्री: धूर गेला बघा. निव्वळ वारं येतंय मागून. दोन मिनिटं... एक... झाली, बाई. झाली वीस. आता हळूहळू खाली आणा. अजून खाली. हां, राहू दे. ऐका आता हिची ही कशी चालते ते. पाय काढला तरी चालेल.

वहिनी: काढला.

मिस्त्री: आठशेला उभी आहे. एक सूत हलत नाही. करा बंद.

भाऊजी: किती शांत वाटतंय.

मिस्त्री: हात लावू नका तिकडे, साहेब, भाजेल. दोन-तीन तास थंड होऊ दे, मग हेडचे बोल्ट परत एकदा आवळायचे. मी हात धुऊन येतो. बाई, उतरणार का?

वहिनी: बसते जरा. पायाला मुंग्या आल्यात.

मिस्त्री: बसा.

भाऊजी: वहिनी, मी ते बोलायला नको होतं.

वहिनी: विचारलं मी.

भाऊजी: तो चिडून नव्हता म्हणाला. तुमच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही त्याने. ते गॅस्केट मी दिलं ना, तेव्हा पुठ्ठा उघडून बघितलंही नाही. दोन्ही हातांनी नुसतं धरलं. म्हणाला, वजनच नाही रे याला.

वहिनी: पंपाच्या दिवशी तुम्ही होतात ना इथे?

भाऊजी: होतो. स्वयंपाकघराच्या दारातच उभा होतो.

वहिनी: तेही हसत होते.

भाऊजी: हो. सगळ्यांत मोठ्याने.

वहिनी: मला वाटलं, त्यांना हसूच येतंय.